आर्लमधील पत्रे : परदेशस्थ कलावंताचे दैनंदिन जीवन आणि त्याचे वाचन

प्रस्तावना

कलावंताच्या चरित्राविषयी वाचकाला वाटणारे कुतूहल बहुधा त्याच्या आयुष्यातील असामान्य प्रसंगांभोवती फिरत राहते. व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–१८९०) या डच चित्रकाराच्या बाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. चित्रकलेशी फारसा संबंध नसलेल्या पदवी वर्गातील विद्यार्थ्यालाही त्याच्याविषयी दोन गोष्टी ठाऊक असतात : त्याने स्वतःचा कान कापला आणि हयातीत त्याच्या चित्रांना कोणी विचारले नाही. आयर्व्हिंग स्टोन यांची १९३४ ची ‘लस्ट फॉर लाइफ’ ही कादंबरी आणि तिच्यावरून १९५६ मध्ये निघालेला चित्रपट यांनी ही प्रतिमा जगभर रूढ केली. ती सर्वस्वी खोटी आहे असे नाही. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे या चित्रकाराचा रोजचा दिवस.

प्रस्तुत लेखात व्हिन्सेंटने दक्षिण फ्रान्समधील आर्ल या गावातून लिहिलेल्या पत्रांचा विचार केला आहे. तो २० फेब्रुवारी १८८८ रोजी तेथे पोहोचला आणि ८ मे १८८९ रोजी तेथून सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात गेला. या सुमारे पंधरा महिन्यांत त्याने जवळपास २०० चित्रे आणि शंभराहून अधिक रेखाटने व जलरंगचित्रे केली. याच काळातील पत्रांत भाडे, जेवण, रंगांच्या नळ्या, वारा, मॉडेल मिळण्याची अडचण, खानावळीचे बिल यांविषयीचा मजकूर इतका विपुल आहे की वाचक तो नकळत ओलांडून कलाविषयक विधानांकडे वळतो. हा ओलांडला जाणारा मजकूरच पत्रांचा गाभा आहे, आणि परदेशात राहून काम करणाऱ्या कलावंताचे कलावंतपण त्यातून घडताना दिसते, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पत्र आणि पावती

व्हिन्सेंटची आठशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांतील बहुसंख्य धाकटा भाऊ थिओ याला लिहिलेली आहेत. थिओच्या निधनानंतर त्याची पत्नी योहाना हिने ती जपली, लावली आणि १९१४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केली. २००९ मध्ये सर्व पत्रांची नवी, सटीप व सचित्र आवृत्ती सहा खंडांत निघाली. मराठी वाचकाला पत्रवाङ्मय अपरिचित नाही, जी. ए. कुलकर्णी यांच्या निवडक पत्रांचे खंड आपण साहित्य म्हणूनच वाचतो. व्हिन्सेंटची पत्रेही त्याच योग्यतेची आहेत. तथापि ती वाचताना एक व्यावहारिक वस्तुस्थिती विसरता येत नाही : जो वाचणारा, तोच पैसे पाठवणारा होता.

थिओ पॅरिसमध्ये एका चित्रविक्री संस्थेच्या शाखेचा व्यवस्थापक होता. आर्लच्या काळात तो भावाला साधारणपणे दरमहा १५० फ्रँक पाठवीत असे. त्याखेरीज रंग आणि कॅनव्हास पॅरिसहून वेगळे जात. त्यामुळे व्हिन्सेंटच्या पुष्कळ पत्रांचा आरंभ पोहोचलेल्या नोटेच्या पोचपावतीने होतो. त्यानंतर हवामान, चालू असलेली चित्रे, हव्या असलेल्या रंगांची यादी आणि पुढच्या खर्चाचा अंदाज येतो. या ठरीव वळणामुळे प्रत्येक पत्र एकाच वेळी आत्मनिवेदन, कामाचा अहवाल आणि हिशेबाचा कागद होते. यांपैकी एक बाजू खरी आणि दुसऱ्या वरवरच्या असे मानणे योग्य ठरणार नाही.

हे १५० फ्रँक पुरेसे होते काय? याचे उत्तर पत्रांतच सापडते. आर्लच्या रेल्वे स्थानकावर टपाल खात्यात काम करणारा जोसेफ रूलँ हा व्हिन्सेंटचा मित्र. त्याला महिन्याला १३५ फ्रँक पगार मिळतो आणि तेवढ्यात तो तीन मुलांचे संगोपन करतो, असे व्हिन्सेंटनेच नोंदवले आहे. म्हणजे एकट्या माणसाच्या पोटापुरता विचार केला तर चित्रकाराची स्थिती टपाल कर्मचाऱ्यापेक्षा वाईट नव्हती. त्याची ओढाताण खरी होती. पण ती चौकटी, मॉडेल आणि पुढे घर लावण्याच्या खर्चातून आली होती, आणि पॅरिसहून आलेले साहित्य कमी पडले की रंग-कॅनव्हासचा भारही तिच्यात पडे. दारिद्र्य ही येथे नियतीची देणगी नाही. मिळालेल्या पैशातून आधी काय घ्यायचे या रोजच्या निवडीचा तो परिणाम आहे. दंतकथा या निवडीचे श्रेय कलावंताला देत नाही. ती त्याला केवळ परिस्थितीचा बळी ठरवते.

अर्थात येथे वाचकाने सावध राहिले पाहिजे. ऑक्टोबर १८८८ मधील एका पत्रात गुरुवारपासून सोमवारपर्यंत आपण मुख्यतः २३ कप कॉफीवर आणि उधारीच्या पावावर काढले, असे व्हिन्सेंट कळवतो. हे वाक्य चरित्रकारांना फार प्रिय आहे. त्यातील वस्तुस्थितीवर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. पण नेमकी २३ ही संख्या सांगण्यामागे पैसे पाठवणाऱ्यापुढे आपली बाजू मांडण्याचा उद्देशही आहे. पैसे संपले ते चैनीत नव्हे, कामात, हे त्याला पटवायचे आहे. दुसरी अडचण अशी की थिओची व्हिन्सेंटला लिहिलेली पत्रे फार थोडी, चाळीसच्या आसपासच, शिल्लक आहेत. दोन भावांतील व्यवहाराची एकच वही आपल्या हाती आहे. तीवरून दुसऱ्याच्या मनाविषयी ठाम निष्कर्ष काढणे धाडसाचे होईल.

रंगांची यादी

एप्रिल १८८८ च्या आरंभी व्हिन्सेंटने थिओला रंगांची एक लांबलचक मागणी पाठवली. तीत पांढऱ्या रंगाच्या मोठ्या नळ्या, व्हेरोनीज हिरवा, क्रोम पिवळ्याच्या निरनिराळ्या छटा, प्रशियन निळा आणि जेरेनियम लेक हा गुलाबी-तांबडा रंग आहे. वसंत ऋतू सुरू होत होता, फळबागा फुलल्या होत्या आणि बहर काही आठवडेच टिकणार होता. पॅरिसहून पार्सल वेळेवर आले नाही तर मोसम हुकणार होता. बहरलेल्या फळबागांच्या मालिकेमागे प्रेरणा जितकी आहे तितकेच रेल्वेचे वेळापत्रकही आहे.

या यादीचा परिणाम आजही डोळ्यांना दिसतो. जेरेनियम लेक प्रकाशात फिका पडतो. ऑक्टोबर १८८८ मधील ‘शयनगृह’ या चित्रातील भिंती मुळात जांभळट होत्या. त्यातील तांबडा अंश विरल्यामुळे त्या आज निळ्या दिसतात. व्हिन्सेंटने स्वतः पत्रात भिंतींचा रंग जांभळट असल्याचे सांगितले आहे. हे रंग टिकाऊ नाहीत याची त्याला कल्पना होती. काळ ते सौम्य करणारच, म्हणून आधीच ते धीटपणे लावावेत, असा त्याचा विचार होता. निळ्या भिंतींचे प्रतीकात्मक अर्थ लावण्यापूर्वी समीक्षकाने मागणीची यादी वाचली पाहिजे. अन्यथा रसायनाच्या कृतीला आपण कलावंताचा हेतू समजून बसू.

घर, अन्न आणि वारा

व्हिन्सेंट आर्लला उतरला तेव्हा तेथे बर्फ पडले होते. प्रथम तो एका हॉटेलात राहिला. तेथील जेवण त्याच्या बिघडलेल्या पोटाला मानवत नव्हते. बटाटे, भात, मॅकरोनी असे साधे पदार्थही मागितले तर मिळत नाहीत किंवा तेलकट करून दिले जातात, अशी त्याची तक्रार आहे. तीनच वर्षांपूर्वी ब्राबांतमधील शेतकऱ्यांचे बटाटे खाणारे कुटुंब रंगवणाऱ्या या चित्रकाराला परक्या गावी साधा बटाटा मिळण्याची पंचाईत व्हावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. परदेश म्हणजे काय, हे माणसाला प्रथम कळते ते पोटाकडून.

पुढे हॉटेलच्या बिलावरून वाद झाला. मालकाने पेटी अडकवून ठेवली, प्रकरण न्यायाधीशापुढे गेले आणि बिलातून १२ फ्रँक कमी झाले. परक्या गावात, परक्या भाषेत, एवढ्याशा रकमेसाठी न्याय मागून तो मिळवणारा हा माणूस व्यवहारशून्य होता असे म्हणवत नाही.

१ मे १८८८ पासून त्याने प्लास लामार्तिन या चौकातील पिवळ्या घराचा उजवा भाग दरमहा १५ फ्रँक भाड्याने घेतला. परंतु अंथरूण-पांघरूण आणि सामान नसल्याने तो तेथे लगेच झोपू शकला नाही. कित्येक महिने तो त्या जागेचा उपयोग केवळ चित्रशाळा म्हणून करीत होता आणि झोपायला जवळच्या जिनू दांपत्याच्या कॅफेत जात होता. सप्टेंबरमध्ये थिओकडून जादा पैसे आल्यावर त्याने दोन पलंग, १२ खुर्च्या, आरसा आणि काही किरकोळ वस्तू घेतल्या व महिन्याच्या मध्यास तो तेथे राहायला गेला. एकट्या माणसाने १२ खुर्च्या का घ्याव्यात? दक्षिणेत चित्रकारांची वसाहत उभी राहावी, पिवळे घर तिचे पहिले ठिकाण व्हावे, हे स्वप्न त्यामागे होते. त्या खुर्च्यांची नोंद त्याच्या कलाविषयक भूमिकेचाच एक भाग आहे.

या दिवसांतील चित्रांचे विषय पाहिले तर पत्र आणि चित्र यांच्यातील अंतर किती थोडे आहे ते ध्यानात येते. ज्या कॅफेत तो झोपत होता तो ‘रात्रीचा कॅफे’ या चित्रात आला. ‘पिवळे घर’ या चित्रात घरासोबत तो जेथे जेवत असे ती खानावळही आहे. झोपण्याची खोली, स्वतःची वेताची खुर्ची, तिच्यावरील चिलीम आणि तंबाखू, टपालवाला मित्र, त्याची पत्नी आणि मुले हे सर्व त्याच्या रोजच्या फेऱ्यातले आहेत. मिस्त्राल हा तेथील जोरदार वारा इझेल उभे राहू देत नसे, तेव्हा जमिनीत खुंट्या ठोकून तो इझेल बांधून घेई. उघड्यावर वाऱ्याशी झुंजत केलेल्या कामाची घाई त्या चित्रांच्या हाताळणीत उतरली आहे. तिला केवळ मनाच्या अस्वस्थतेचे चिन्ह मानणारे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे पडते.

भाषा, नाव आणि परकेपणा

व्हिन्सेंट परदेशाला नवखा नव्हता. नोकरीनिमित्त आणि शिक्षक म्हणून तो इंग्लंडमध्ये राहिला होता, बेल्जियमच्या खाण प्रदेशात धर्मोपदेशक म्हणून वावरला होता आणि आर्लपूर्वी दोन वर्षे पॅरिसमध्ये होता. त्याचे फ्रेंच चांगले होते. आर्लहून तो आपल्या डच भावालाही फ्रेंचमध्येच पत्रे लिहितो. झोला, दोदे, लोती यांच्या कादंबऱ्या त्याच्या नित्य वाचनात होत्या. पण आर्लच्या रस्त्यावर बोलली जाणारी बोली प्रॉव्हान्साल होती. ती स्थानिक स्त्रियांच्या तोंडी गोड वाटते असे तो म्हणतो. ऐकणारा तो आहे, बोलणारा नाही. शिकलेल्या भाषेच्या पलीकडे आणखी एक भाषा असते आणि गावाचे खरे व्यवहार तीत चालतात, हा अनुभव प्रांतोप्रांती बदलीवर गेलेल्या आपल्याकडील मंडळींनाही परका नाही.

आर्लला पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत त्याने लिहिले की तेथील सैनिक, पाद्री, मद्यपी ही सारी माणसे आपल्याला दुसऱ्याच जगातील वाटतात. त्याच उन्हाळ्यात त्याने नमूद केले की जेवण किंवा कॉफी मागण्यापलीकडे एकही शब्द न बोलता आपले कित्येक दिवस जातात. या दोन नोंदींच्या मधे त्याच्या कामाचा प्रचंड वेग आहे. दिवसभर जो बोलत नाही त्याची पत्रे लांब होतात, यात नवल नाही. पत्र हेच त्याचे संभाषण होते.

नावाचा प्रश्नही याच संदर्भात येतो. आपले आडनाव येथील लोकांना उच्चारता येत नाही, म्हणून प्रदर्शनाच्या सूचीत यापुढे चित्रावर असते तसे ‘व्हिन्सेंट’ एवढेच नाव छापावे, असे त्याने मार्च १८८८ मध्ये भावाला कळवले. त्या एकेरी सहीत पुढे अनेकांना विनम्रता किंवा आत्मीयता दिसली. पत्रातील कारण मात्र साधे आणि परदेशस्थ माणसाच्या रोजच्या अडचणीतून आलेले आहे.

पैशांच्या पेट्या

२३ ऑक्टोबर १८८८ रोजी पॉल गोगँ आर्लला आला. तो पूर्वी खलाशी व नंतर शेअर दलाल होता. व्हिन्सेंटच्या खर्चातील अव्यवस्था त्याच्या लगेच लक्षात आली. त्याने नंतर लिहिलेल्या आठवणींनुसार, एका पेटीत रात्रीचे फिरणे, तंबाखू व भाडे यांसाठीचे पैसे आणि दुसऱ्या पेटीत जेवणाचे पैसे ठेवले जाऊ लागले. पेटीजवळ कागद-पेन्सिल असे आणि घेतलेली रक्कम प्रत्येकाने प्रामाणिकपणे लिहायची असे. स्वयंपाक गोगँ करी, बाजारहाट व्हिन्सेंट. गोगँने २० मीटर तागाचे कापड आणले. त्या खडबडीत पोतावर दोघांनी चित्रे काढली.

या सहनिवासाचा विचार सामान्यतः दोन स्वभावांचा किंवा दोन कलादृष्टींचा संघर्ष म्हणून केला जातो. तो विचार योग्यच आहे. पण एक छत, एक चूल आणि एक वही यांवर उभे केलेले हे नऊ आठवड्यांचे घरकुल कलावंतांच्या वसाहतीचा एकमेव प्रत्यक्ष प्रयोग होते, हेही पाहिले पाहिजे. २३ डिसेंबरच्या रात्री ते मोडले. गोगँ पॅरिसला निघून गेला, व्हिन्सेंट रुग्णालयात पोहोचला. त्या रात्रीच्या कारणांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्यानंतरचे.

शेजाऱ्यांचा अर्ज

७ जानेवारी १८८९ रोजी व्हिन्सेंट पिवळ्या घरी परतला आणि कामाला लागला. फेब्रुवारीत आजार पुन्हा उलटला. त्याच सुमारास परिसरातील सुमारे तीस रहिवाशांनी नगराध्यक्षांकडे अर्ज केला की हा माणूस मोकळा राहणे धोक्याचे आहे. त्याला नातेवाइकांकडे पाठवावे किंवा रुग्णालयात ठेवावे. अर्जात त्याचे वर्णन निसर्गचित्रकार आणि डच प्रजाजन असे असून त्याचे आडनाव ‘वूद’ असे चुकीचे लिहिलेले आहे. वर्षभर त्या चौकात राहिलेल्या माणसाचे नाव त्याच्या विरोधातील कागदावरही बरोबर उमटले नाही. पोलिसांनी घराला कुलूप लावले आणि त्याला रुग्णालयात ठेवण्यात आले. मार्चमध्ये भेटीला आलेला चित्रकार पॉल सिन्याक त्याच्यासोबत घरापाशी गेला, तेव्हा त्यांना दार जबरदस्तीने उघडावे लागले.

शेजाऱ्यांना सरसकट क्रूर ठरवणे सोपे आहे. आजारी शेजाऱ्याची भीती वाटणे अस्वाभाविक नव्हते. शिवाय त्याच गावात रूलँ कुटुंब होते, डॉक्टर फेलिक्स रे होते, त्याची विचारपूस करणारे पाद्री साल होते. परंतु परदेशस्थ कलावंताचे रोजचे जीवन किती थोड्या धाग्यांवर तोललेले असते, हे या प्रसंगातून स्पष्ट होते. ज्याचे गावात नातेगोते नाही, त्याच्या वतीने बोलणारे चार-दोन जणच असतात; विरुद्ध सह्या करणारे तीस निघतात. वेडा प्रतिभावंत ही दंतकथा आपण जेव्हा कौतुकाने सांगतो, तेव्हा या एकाकीपणालाच आपण कलेची आवश्यक अट ठरवतो आणि गावाची जबाबदारी अलगद बाजूला सारतो. पत्रांतून मात्र दिसते ते उलट आहे. आजाराच्या झटक्यात त्याला काम करता येत नव्हते. काम होत होते ते झोप, जेवण, पैसे आणि माणसे जाग्यावर असताना.

कांद्यांची बशी

रुग्णालयातून परतल्यावर जानेवारी १८८९ मध्ये त्याने काढलेल्या पहिल्या चित्रांपैकी एक आज नेदरलँड्समधील ऑटरलो येथील क्रोलर-म्यूलर संग्रहालयात आहे. त्यात टेबलावर कांद्यांची बशी, पेटलेली मेणबत्ती, चिलीम आणि तंबाखू, बाटली, लाखेची कांडी, घरगुती औषधोपचाराचे एक पुस्तक आणि आलेल्या पत्राचे पाकीट आहे. येथे आत्मक्लेश नाही, आक्रोश नाही. पुन्हा जगायला लागणाऱ्या माणसाने आपल्याजवळ काय काय आहे ते मोजून मांडले आहे : अन्न, उजेड, व्यसन, औषध आणि भावाचे पत्र. वर्षभर पत्रांत चाललेली यादी येथे चित्र झाली आहे. पत्रातील किरकोळ मजकूर आणि कलाकृती यांत आपण मानलेले अंतर या चित्रापुढे टिकत नाही.

समारोप

चरित्रात्मक समीक्षेविषयी मराठीत पूर्वीपासून साशंकता आहे आणि ती अनाठायी नाही. कलावंताने काय खाल्ले यावरून कलाकृतीची श्रेष्ठता ठरत नाही. येथे मांडलेला मुद्दा तसा नाही. रंगांची यादी, भाडे, वारा, बोली आणि टपाल ही या चित्रांच्या निर्मितीची साधने आहेत; ती वगळली तर उरतो तो केवळ चमत्कार. आणि चमत्काराची समीक्षा करता येत नाही, त्याचे भजनच करता येते.

दुसऱ्या टोकाला जाऊन व्हिन्सेंटला नेटका हिशेबनीस ठरवण्याचेही कारण नाही. त्याचे अंदाज वारंवार चुकत. चित्रे विकून भावाचे पैसे फेडण्याचा त्याचा हिशेब कधीच जुळला नाही. आर्लमधील ‘तांबडा द्राक्षमळा’ हे चित्र १८९० मध्ये ब्रुसेल्सच्या प्रदर्शनात ४०० फ्रँकला विकले गेले, म्हणजे थिओच्या तीन महिन्यांच्या रकमेपेक्षाही कमी. पण हिशेब न जुळणे आणि हिशेब न करणे यांत फरक आहे.

हा विचार केवळ व्हिन्सेंटपुरता मर्यादित नाही. १९५० मध्ये मुंबईहून पॅरिसला जाऊन सहा दशके फ्रान्समध्ये राहिलेल्या सय्यद हैदर रझा यांच्यासारख्या चित्रकारांची पत्रेही आता प्रकाशात आली आहेत. ती वाचताना मातृभूमीची ओढ किंवा अध्यात्म यांसोबत भाड्याची जागा, शिष्यवृत्ती, भाषा आणि मित्र यांविषयीच्या ओळींवरही आपली नजर थांबली पाहिजे. वर्गात व्हिन्सेंटचे नाव घेताच कानाचा विषय निघतो, असा अध्यापकांचा सर्वसाधारण अनुभव आहे. त्यावर मौन पाळू नये. मात्र त्याच तासाला कांद्यांच्या बशीचे चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवावे आणि टेबलावरच्या वस्तू एकेक करून त्यांना मोजायला सांगाव्यात.